वारा डावीकडून, तीन

बहारीनमध्ये माझी पोस्टिंग रिफाला आहे. पोस्टिंग म्हणतो ते सवयीने. फौज सोडून सहा वर्षं झाली आणि इथे मी एका घरचा ड्रायव्हर आहे. सव्वासहाला मुलं शाळेत, साडेसातला मालक ऑफिसात, मंगळवारी अकराला मालकाची आई सलमानिया हॉस्पिटलला तपासणीसाठी. वेळा पाळायच्या, गाडी पुसायची, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सव्वीस वर्षं हेच केलं होतं, म्हणून जड गेलं नाही.

मालकाला सगळे बू खालिद म्हणतात, म्हणजे खालिदचा बाप. गोठवलेल्या मासळीचा धंदा, वय पन्नाशीचं, पोट मोठं आणि मनही मोठं. माझ्या व्हिसाच्या कागदांत त्याने एकदा 'निवृत्त नायब सुभेदार, स्नायपर' असं वाचलं आणि तेव्हापासून मला नावाने हाक मारणं बंद केलं. पाहुणे आले की माझ्याकडे हात करून सांगतो, हाझा सुभेदार. हा सुभेदार. मग सुभेदार पाहुण्यांना कॉफी देतो.

गेल्या ऑक्टोबरात त्याला चुलत भावांबरोबर मध्य आशियातल्या डोंगरांत शिकारीला जायचं होतं. तिथे रीतसर परमिट काढून आयबेक्स मारता येतो. आयबेक्स म्हणजे मोठ्या शिंगांचा रानबोकड. शंभर किलोच्या आतबाहेर भरतो, आणि माणसाला सहजासहजी तीनशे मीटरच्या आत येऊ देत नाही. त्यासाठी नवी रायफल घ्यायची होती. एका चुलत भावाने सांगून ठेवलं होतं, थ्री थर्टी एट मॅग्नम घे, सगळ्यात मोठी. मला बैठकीत बोलावलं आणि विचारलं. विचारलं म्हणून मी बोललो.

मॅग्नम म्हणजे साध्या भाषेत ज्या काडतुसात दारू जास्त मावते ते. गोळी वेगाने सुटते, लांबवर जाऊनही कमी खाली पडते, वाऱ्याने कमी हलते. हे सगळं खरं आहे. पण ती पुढे जाते त्याच हिशेबात रायफल मागे येते, आणि मागे आपला खांदा असतो. थ्री थर्टी एटची रायफल दुर्बिणीसकट सात किलोची. ती तीन हजार मीटर उंचीवर कोण वाहणार, हे चुलत भावाने सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, बोकडाला तोफ लागत नाही. सेव्हन एमएम मॅग्नम घ्या. चोवीस इंची नळी, सगळं मिळून साडेचार किलो, साधी मजबूत दुर्बीण, पुढे दोन पायांचा स्टँड. नळीच्या तोंडाला ब्रेक लावला तर धक्का कमी होतो, पण शेजारच्याच्या कानांची वाट लागते, तेव्हा कानात बोळे सगळ्यांनी घालायचे. इथे समुद्रसपाटीला गरम हवेत बांधलेला नेम वरच्या विरळ हवेत उंच जातो, म्हणून वर पोचल्यावर पहिल्या दिवशी पुन्हा झीरो करायचं, म्हणजे नेम नव्याने बांधायचा. आणि चारशेच्या पुढे बोकड उभा असला तर सलाम करून परत यायचं.

भाऊ हसले. सेव्हन म्हणजे बायकांची रायफल, असं त्यांचं मत. यातली एकही रायफल त्यांच्यापैकी कोणी चालवली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी तोड निघाली ती दोन्हींच्या मधल्या थ्री हंड्रेड मॅग्नमवर. बू खालिदला ती झेपणार नाही असं मला वाटत होतं. मी ओके म्हणालो आणि कप उचलले.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही रेंजवर पोचलो. इथले शस्त्रांचे कायदे कडक आहेत. रायफल मालकाच्या परवान्यावर आणि रेंजच्या कपाटात. माझ्यासारख्या वर्क व्हिसावाल्याने तिला बोटसुद्धा लावायचं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी बू खालिदच्या डावीकडे चटईवर पालथा पडलो आणि स्पॉटिंग स्कोपला डोळा लावला. वारा किती, कुठून, गोळी कुठे पडली, हे सांगायचं काम माझं. फौजेत ते काम स्पॉटरचं असतं. ट्रिगरवर मी वर्षानुवर्षं होतो. त्या बाजूला पडण्याची माझी ही पहिलीच वेळ.

टार्गेट तीनशे मीटरवर. वारा डावीकडून होता, सेकंदाला तीन मीटर. मी सांगितला. पहिली गोळी खाली डावीकडे. दुसरी आणखी खाली. तिसरी फळीवर लागलीच नाही. बू खालिदने खांदा चोळला, मागे उभ्या भावांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सुभेदार, हवा गलत बोला."

नाचता येईना अंगण वाकडं. एरवी मला मनातल्या मनात हसू आलं असतं. आलं नाही, कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तेच मी एकदा बोललो होतो.

नायक मारुती चौगुले हा माझा स्पॉटर. कोल्हापूर जिल्ह्यातला, भुदरगडचा, माझ्याहून सात वर्षांनी लहान. उत्तरेतल्या एका पोस्टवर आम्ही चौदा महिने जोडीने काढले. पोस्टचं नाव सांगत नाही. गवताची पाती बघून, चुलीचा धूर बघून तो वारा सांगायचा आणि तो बरोबर निघायचा. खिशात गुळाचा खडा असायचा. अर्धा मला द्यायचा, तोही मोठा अर्धा. मी त्याच्या कॅडरवर, म्हणजे स्नायपरच्या कोर्सवर, इन्स्ट्रक्टर होतो म्हणून शेवटपर्यंत मला उस्ताद म्हणायचा.

त्या हिवाळ्यात पेट्रोलवर असताना मी बर्फावरून घसरलो आणि उजवा खांदा दुखावला. डॉक्टरकडे गेलो असतो तर लो मेडिकल कॅटेगरी लागली असती आणि नायब सुभेदारीचं प्रमोशन गेलं असतं. प्रमोशनचा बोर्ड दोन महिन्यांवर होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गेलो नाही.

चौगुलेला संशय आला. सरावाच्या दिवशी त्याने मला न सांगता मॅगझिनमध्ये तिसरा राउंड ड्रिलचा भरला. ड्रिल राउंड दिसायला काडतूस, आत दारू नाही. दोन गोळ्या सुटल्या. तिसऱ्याला मी ट्रिगर दाबला. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, तरी नळी दोन बोटं खाली गेली. धक्का यायच्या आधीच माझा खांदा दचकत होता आणि डोळे मिटत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

"उस्ताद, नळी खाली जातीया," चौगुले म्हणाला. "साहेबास्नी सांगूया."

मी म्हणालो, दोन महिने थांब. बोर्ड होऊ दे.

तो थोडा वेळ स्कोपची काच पुसत बसला. मग म्हणाला, "दोनच हां."

दोन महिने व्हायच्या आधीच ती सकाळ आली. पाच वाजता आम्ही दोघे टेकडीवर आमच्या जागी पोचलो. खालून आमची आठ जणांची पेट्रोल पार्टी नाला ओलांडणार होती. सहा चाळीसला समोरच्या कड्यावरून अतिरेक्यांची मशीनगन सुरू झाली. अंतर सहाशे वीस मीटर. आठही जण नाल्यात दगडांमागे अडकले.

रेडिओवर खालच्या पार्टीचा आवाज आला, "अल्फा फॉर ब्राव्हो. अंडर फायर. हलता येत नाही. ओव्हर."

"ब्राव्हो. रॉजर. वेट. आउट," चौगुलेने उत्तर दिलं.

चौगुले म्हणाला, वारा डावीकडनं, तीन, एक मिल धरा. मिल म्हणजे दुर्बिणीतली खूण. मी एक मिल धरला आणि फायर केलं. गोळी खाली डावीकडे दगडावर लागली. त्याने तोच वारा पुन्हा सांगितला. पुन्हा फायर. पुन्हा तिथेच. आता आमची जागा समोरच्यांना कळली. तिसरी गोळी नीट दिसावी म्हणून चौगुले कोपरांवर वर उठला. वारा चुकला नव्हता हे त्याला माहीत होतं. काय चुकत होतं तेही माहीत होतं.

"उस्ताद," तो म्हणाला, "डोळं उघडं ठेवा."

लगेच मशीनगनचा बर्स्ट आला. चौगुलेच्या मानेत गोळी लागली. सहा सत्तेचाळीस झाले होते. मी त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा दुर्बिणीत पाहिलं आणि फायर केलं. वारा त्याने सांगितला तोच. मिल एकच. डोळे उघडे होते. मशीनगन बंद पडली. आठही जण नाल्यातून बाहेर आले. चौगुले स्ट्रेचर यायच्या आत गेला, सात वाजून पाच मिनिटांनी.

संध्याकाळी सीओ साहेबांनी विचारलं, पहिल्या दोन कशा चुकल्या. मी सावधानमध्ये उभा होतो. म्हणालो, "वारा पडला असेल, सर. कॉल थोडा जास्त होता." साहेबांनी लिहून घेतलं. रिपोर्टमध्ये आलं, स्पॉटरचा विंड कॉल चुकला. तिसऱ्या गोळीबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बोर्डही पास झालो. चौगुलेला काही मिळालं नाही, कारण त्याचा वारा चुकला होता.

मी त्याच्या गावी गेलो. त्याची बायको सुनंदा तेव्हा तिशीचीही नव्हती. युनिटची माणसं काय बोलत होती ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. तिने मला एकट्याला विचारलं, "त्येंचीच चूक हुती का ओ दादा?" मी म्हणालो, लढाईत चूक कुणाची नसते, ताई. वाक्य चांगलं होतं. दारात बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. त्या वर्षापासून ती मला राखी पाठवू लागली आणि मी ती बांधत आलो. मनगटावर ती असताना मला काय वाटायचं असं कोणी विचारलं, तर काही वाटायचं नाही हेच खरं उत्तर आहे.

तर मी रेंजवर होतो. तिथला सेफ्टी ऑफिसर पेशावरकडचा, पलीकडच्या फौजेतून निवृत्त झालेला म्हातारा. मी उठून त्याच्याजवळ गेलो आणि हळूच सांगितलं, पुढच्या वेळी ड्रिल राउंड भर आणि त्यांना बोलू नकोस. त्याने माझ्याकडे पाहिलं, टार्गेटकडे पाहिलं आणि मान हलवली. जुन्या सैनिकाला एवढं पुरतं.

बू खालिदने ट्रिगर दाबला. नुसतं टक् झालं आणि नळी चांगली चार बोटं खाली गेली. एक भाऊ हसला आणि मग थांबला. बू खालिद रायफलकडे बघत राहिला. माझ्या व्हिसाची मुदत डिसेंबरात संपत होती, सही याच माणसाची लागणार होती, आणि घरी दोन मुली शिकत आहेत. हे सगळं डोक्यात आलं. त्या वेळीही असंच सगळं डोक्यात आलं होतं.

इथे मालकाला अरबाब म्हणतात. मी म्हणालो, "अरबाब, हवा सही थी. आपकी आँख बंद हो रही है."

"खलास," तो म्हणाला आणि उठला. मी गाडी काढली आणि सगळ्यांना रिफाला आणलं.

त्याच दुपारी अडीचला मी माझ्या खोलीतून सुनंदाला फोन लावला. तिकडे पाच वाजले होते. मी उभं राहूनच बोललो, का ते सांगता येत नाही. तिने माझ्या शुगरची चौकशी केली, गुऱ्हाळं सुरू व्हायची आहेत म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. खांदा, ड्रिल राउंड, दोन महिने, सीओ साहेबांपुढे बोललो ते. शेवटी ती म्हणाली, "डोळं उघडं ठेवा म्हटलं त्येनी?"

"हो."

"म्हंजे वारा बरोबर हुता."

"बरोबर होता, ताई."

"मग येवढी वरसं त्येंच्या नावावर का ठेवलासा?"

मी म्हणालो, प्रमोशनसाठी. दुसरं कारण नव्हतं. तिने फोन ठेवला. मी चारच्या फेरीला खाली गेलो.

बू खालिद अकरा दिवस माझ्याशी कामापलीकडे बोलला नाही. बाराव्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवरून म्हणाला, "सेव्हन?" मी म्हणालो, सेव्हन. "यल्ला," तो म्हणाला, म्हणजे चल. सेव्हन मॅग घेऊन तो गेला आणि हात हलवत परत आला. बोकड साडेचारशेवर होता, मारला नाही, असं त्याने भावांसमोर सांगितलं. डिसेंबरात माझ्या कागदांवर सही झाली.

युनिटला मी पत्र लिहिलं. पोच आली, पुढे काही नाही. जुने रिपोर्ट बदलत नाहीत.

सुनंदाची राखी दर वर्षी मुहर्रकला एअरपोर्टवर काम करणाऱ्या आमच्याकडच्या एकाच्या हाती यायची. ह्या श्रावणात मी त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, काका, काही आलं नाही. मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. मनगट मोकळं आहे आणि ते तसंच असायला हवं, एवढं कळतं.

रिपोर्टमध्ये जे लिहायचं राहिलं ते इथे लिहितो. नायक मारुती चौगुले, स्पॉटर. वेळ सहा चाळीस ते सहा सत्तेचाळीस. अंतर सहाशे वीस मीटर. वारा डावीकडून, तीन. कॉल बरोबर.