केसपेपरावरचा मुतखडा

हा लेख मी चार महिने लांबवला, हे आधीच कबूल करतो. नववीत शाळा सोडलेल्यानं नानांच्या गौरवग्रंथात काय लिहावं, अशी सबब सांगत होतो. खरं कारण वेगळं आहे.

नानांची पहिली भेट पिंपळनेरच्या आठवडे बाजारात झाली. त्याआधी मी भुसावळला गाडीत चहा विकला, मग एका ट्रकवर... ते राहू द्या. बाजारात आमच्या उस्तादांचा तंबू होता. ते 'मर्दानी ताकदीची' पूड विकत, मी ती कुटत असे. धुळ्याचे हे मूत्ररोगतज्ज्ञ वाकून आत आले, सतरंजीवर बसले, तळहातावर पूड पसरून त्यांनी एक निळा कण बाजूला केला.

"भाऊ, यात औषधाच्या दुकानातली गोळी कुटलीय ना?"

उस्ताद पुड्या बांधत राहिले. मीच हो म्हणालो. मग नानांची नजर उस्तादांच्या खिशातल्या गोळ्यांच्या बाटलीवर गेली.

"छातीनी गोळी शे," उस्ताद म्हणाले. "दुखनं का जीभखाले ठेवस."

"आणि पूडही घेता?"

"मालधनीले माल चाखना पडस ना, नाना."

नाना रागावले नाहीत. "दोन्ही एकत्र झाल्या तर रक्तदाब एकदम कोसळेल, जिवावर बेतेल. पूड आजच सोडा. धुळ्याला या, मार्ग काढू."

"मी तुमना दवाखानामां दिसनू, तर मना तंबूमां कोन यी?"

मी मात्र त्याच दिवशी नानांच्या गाडीत बसलो. तेव्हापासून त्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहितो.

आपल्याकडे ताकदीची तक्रार कुणी तोंडानं सांगत नाही. काउंटरवर सगळे 'मुतखडा' म्हणतात. पहिल्या महिन्यात मी अशा सगळ्यांना सोनोग्राफीला पाठवलं. नाना हसले. "तू मुतखडाच लिही. आत आले की मी विचारीन."

आत ते केळीच्या बागेतल्या ठिबक सिंचनाचं उदाहरण देऊन समजावतात. मेंदू निरोप धाडतो, मज्जातंतू तो पोचवतात, शिरा सैल होऊन रक्त भरतं. भीतीचा निरोप आला, की तो झेलणारे रिसेप्टर त्याच शिरा आवळतात. साखर वाढली, की मज्जातंतूच झिजतात. "गोळी फक्त व्हॉल्व्ह उघडा ठेवते, मोटार चालू करत नाही," असं म्हणून ते पुढच्या वेळी बायकोलाही बोलावतात. पुष्कळ जोडपी हसत बाहेर पडलेली मी पाहिली आहेत.

आता खरं कारण. उस्तादांना चार निरोप धाडले, उत्तर नाही. पूड मी कुटलेली. ते असतील की नाही, हे माहीत नसताना हा प्रसंग लिहायला हात धजत नव्हता.

नानांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. त्यांचे गुडघे साथ देवोत, झोप शांत लागो, आणि आणखी कित्येक वर्षं आपल्याला त्यांचं "बसा भाऊ" ऐकू येवो.

एवढं लिहिलं आणि काउंटरवर टकटक झाली. उस्ताद उभे आहेत. वाळलेत. पुडीचा डबा माझ्यापुढे ठेवून, रांगेकडे बघत म्हणाले, "मुतखडा शे. लिख."

लिहिला. रांग थांबवून त्यांना आधी आत नेतोय.