आई, अ‍ॅपलेशियन आणि दोन कॅरव्हॅन

अमेरिकेत अ‍ॅशबर्नमधल्या आमच्या घरापासून अ‍ॅपलेशियन पर्वत दीड-दोन तासांवर आहे. तिथे पोचायला मला चार महिने, दोन कॅरव्हॅन आणि एक भलीमोठी स्प्रेडशीट लागली.

कारण आई. साताऱ्याच्या शाळेत तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर उत्तर अमेरिकेचा नकाशा काढून उजवीकडे अ‍ॅपलेशियन, डावीकडे रॉकी असे पर्वत तिने किती पोरांकडून पाठ करून घेतले असतील, देव जाणे. आता ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि ‘ही माझी शेवटची खेप’ असं पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण पर्वत बघायला चल म्हटलं की नको म्हणायची. तिला तासाला एकदा बाथरूमला जावं लागतं, आणि वाटेत सारखं ‘थांब रे’ म्हणायची लाज वाटते. देऊळ, किराणा आणि आमचं घर एवढीच अमेरिका तिने पाहिली होती, आणि परतायला तीन आठवडे उरले होते.

मी डेटा सेंटरमध्ये कूलिंगची कामं बघतो. प्रत्येक अडचणीवर एखादं यंत्र असतं अशी माझी श्रद्धा आहे. आईच्या अडचणीवरचं यंत्र म्हणजे कॅरव्हॅन (इथले लोक तिला ट्रेलर म्हणतात). गाडीच्या मागे जोडायची, कुठेही थांबलं की आपलं स्वतःचं बाथरूम हजर. आमची गाडी पाच हजार पौंड वजन ओढू शकते असं माहितीपत्रकात होतं. भाड्याने मिळणारी, डबल बेड, ओव्हन आणि ऐसपैस बाथरूमवाली कॅरव्हॅन बेचाळीसशे पौंडांची होती. स्प्रेडशीटमध्ये तो रकाना हिरवा झाला आणि मी सगळ्या ऑफिसला तो दाखवून आलो.

कॅरव्हॅन भाड्याने देणाऱ्या आजीबाईंनी चावी देताना विचारलं, “गाडीच्या दाराच्या आतलं स्टिकर वाचलंस ना? माणसं आणि सामान मिळून किती वजन चालतं, ते त्यावर असतं.”

“मी इंजिनिअर आहे,” मी म्हणालो. स्टिकर मी वाचलं नव्हतं. असं काही स्टिकर असतं हेच मला तेव्हा कळलं.

आता आमचं सामान. प्रवास चार दिवसांचा, माणसं चार: मी, बायको मीनल, सोळा वर्षांची लेक रिया आणि आई. आईने वीस पौंडांची तांदळाची पिशवी, तेवढीच कणीक, दोन कुकर, मिक्सर, बिडाचा तवा, पोळपाट, लोणच्याची बरणी आणि चकल्यांचे तीन डबे काढले. शिवाय ‘तिकडचं पाणी कसं असेल कोण जाणे’ म्हणून घरच्या पाण्याचे सहा कॅन. स्वयंपाकघर कॅरव्हॅनच्या शेपटाला होतं, म्हणून हे सगळं मी तिथेच नीट रचलं. पाण्याची टाकीही मागेच होती. ती मी काठोकाठ भरली.

“आजी, वी आर गोइंग फॉर फोर डेज,” रिया म्हणाली.

“असू दे गं. आयत्या वेळी काय मिळणार तिकडे?” आई म्हणाली. खरं सांगायचं तर मलाही तिचं पटलं होतं.

विंचेस्टर गाव ओलांडून आम्ही मोठ्या हायवेला लागलो. पहिल्याच उतारावर मागून कोणीतरी गाडीचं शेपूट धरून हलवावं तसं वाटलं. मग कॅरव्हॅन डावीकडे-उजवीकडे डुलायला लागली आणि तिच्यामागून आमची गाडीही. शेजारून एक ट्रक गेला तेव्हा तर आपण सगळ्यांना मारणार, असं मला स्पष्ट वाटलं. मीनल हळू आवाजात म्हणाली, “ब्रेक नको दाबूस. नुसता पाय काढ.” हे तिला कुठून सुचलं कोण जाणे. मी पाय काढला. डुलणं हळूहळू थांबलं. पुढच्या ट्रकथांब्यावर मी गाडी आत घेतली.

तिथे ट्रकचं वजन करायचा काटा होता. आमची वरात त्यावर चढलेली बघून एक दाढीवाला ट्रकचालक जवळ आला. त्याने वजनाची चिठ्ठी वाचली, कॅरव्हॅनच्या मागचं दार उघडलं आणि बराच वेळ तांदळाच्या पिशवीकडे बघत राहिला.

“दुकान टाकताय का कुठे?” त्याने विचारलं. मग शांतपणे समजावलं. कॅरव्हॅन एकटीच पाच हजार दोनशे भरली होती; जाहिरातीतलं बेचाळीसशे हे वजन रिकाम्या कॅरव्हॅनचं असतं. त्यात सगळा भार शेपटाला. खरं तर साधारण दहावा हिस्सा पुढे, गाडीच्या हुकावर पडायला हवा, नाहीतर ती अशीच नाचते. आणि हुकावरचा तो भार आतल्या चार माणसांच्या वजनात धरायचा असतो.

“तुझ्या शीटमध्ये माणसांचा रकाना नव्हता?” मीनलने विचारलं.

नव्हता. ओव्हनचा होता.

टाकी रिकामी केली, शिधा पुढे सरकवला आणि जीव मुठीत धरून हळूहळू माघारी आलो. तांदूळ घरात नेऊन ठेवताना आई म्हणाली, “माझ्यामुळे झालं. राहू दे आता.” मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती आणि ती स्वतःला दोष देत होती.

कॅरव्हॅनवाल्या आजीबाईंनी काही न विचारता स्टिकर स्वतः वाचलं आणि निम्म्या वजनाची, बुटकी कॅरव्हॅन काढून दिली. तिच्यातलं बाथरूम कपाटाएवढं. कमोडखाली हाताने ओढून काढायची टाकी, बॅगेसारखी उचलायची आणि कॅम्पवरच्या ठरावीक जागी रिकामी करायची. कशी, ते त्यांनी सगळ्यांसमोर करून दाखवलं. मी मान डोलावली. आईचा चेहरा मी बघायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी, कणभरही न डुलता, शेनांडोआ नदीकाठच्या कॅम्पवर पोचलो. समोर निळसर, गोलसर डोंगर एकामागे एक उभे होते. मला ते आपल्या सह्याद्रीपुढे बेताचेच वाटले. तसं मी बोलूनही गेलो.

“म्हातारे आहेत ते,” आई म्हणाली. “हिमालयाच्या कितीतरी आधीचे. झिजलेत.” खुर्ची ओढून ती तासभर त्यांच्याकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला चक्कर आली. मी घाबरून फोन शोधायला लागलो तेव्हा रिया म्हणाली, “बाबा, आजी पाणीच पीत नाहीये. कालपासून. शी डझन्ट वॉन्ट यू टू एम्प्टी दॅट थिंग.”

मी जाऊन टाकी ओढली. जवळजवळ कोरडी होती. आम्ही बाकीचे कॅम्पचं बाथरूम वापरत होतो, पण तिथवर चालणं तिला झेपत नव्हतं.

मी चिडलो. “आई, चार महिने हेच शोधत होतो मी. तुझ्यासाठी.”

“शोधलंस, पण ते कोण उचलणार हे मला विचारलंस का?” ती म्हणाली. “मुलाने उचलायचं? मला नाही सहन होत.”

मीनलने तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. तो संपवून आई म्हणाली, “बरं. पण नेशील तेव्हा मीही येणार. एकट्याने नाही करायचं.”

संध्याकाळी आम्ही दोघं रबरी हातमोजे घालून टाकी घेऊन निघालो. मी उचलली होती, तिने उगीच एका हाताने कड धरली होती. मी टाकी कलंडवायला लागल्यावर ती वर्गात सांगावं तसं म्हणाली, “आधी झाकण पूर्ण फिरव. घाई नको.” घाई केली असती तर सगळं माझ्या बुटांवर आलं असतं. परत येऊन हात धुतले आणि तिने चहा मागितला. मग आणखी अर्धा कप.

चौथ्या दिवशी कॅरव्हॅन परत केली. मागचा भार सुटलेल्या गाडीत उगाच मोकळं वाटत होतं, तरी सवयीने मी आरशात बघत होतो. इतकी वजनं मोजली, पण जिच्यासाठी मोजली तिलाच एक प्रश्न विचारायचं राहूनच गेलं होतं, हे डोक्यातून जात नव्हतं. घराच्या वळणावर आई म्हणाली, “रॉकीला ही गाडी पुरेल का रे?”

या वेळी मी आधी नीट विचार केला. “नाही पुरणार, आई. तिकडचे चढ फार मोठे आहेत.”

“मग मोठी बघून ठेव,” ती म्हणाली. “मी परत येईपर्यंत वेळ आहे तुला.”