शांत झालेलं वसतिगृह

सत्यशीला खोब्रागडेला मी कधी पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नाही. आलापल्लीच्या पलीकडे जंगलात आमची आश्रमशाळा होती. ती तिथं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आणि मी गणिताचा मास्तर. जेवतानाही ती मधेच उठून दारापर्यंत जाऊन यायची. तिचे वडील सिंदेवाहीला धानाच्या संशोधन केंद्रावर मजूर होते. पोरगी मानसशास्त्रात एम.ए. झाली तेव्हा त्यांनी हरखून विचारलं होतं, "म्हंजे डॉक्टर झाली का तू?" तिला नाही म्हणावं लागलं. ते तिला लागलं असावं, कारण नोकरी सांभाळून ती नागपूरला एम.फिल. करायला लागली.

हे १९८६ सालचं. तिचा विषय होता, घरापासून दूर राहणाऱ्या मुलींची हुरहूर. कोण किती रडते, कोण ताटावरून उठते, कोण झोपेत दचकते, याचे तिनं प्रत्येकीला गुण दिले. शेजारी लिहिलं, घरचं माणूस भेटायला किती वेळा येतं. मग दोन्हींचा सहसंबंध काढला आणि हिशेब माझ्याकडून तपासून घेतला. गुणांक आला शून्य पूर्णांक सात दशांश. म्हणजे जिची आई जास्त येते, ती पोरगी जास्त रडते. दोन गोष्टी जोडीनं वाढतात, एवढंच तो आकडा सांगतो. कोणती कोणामुळे, हे त्याला विचारण्यात अर्थ नसतो. तसं तिनं खाली स्पष्ट लिहिलंही होतं.

पण आमचे मुख्याध्यापक बापूराव खालचं वाचणाऱ्यांतले नव्हते. माणूस दुष्ट नाही, फक्त रडण्याचा आवाज त्यांच्या डोक्यात जायचा. आठवडी बाजाराला आसपासच्या गावांतल्या माडिया बायका टोपल्या घेऊन यायच्या आणि जाता जाता आपापल्या पोरींना भेटायच्या. आकडा पाहून बापूरावांनी बाजाराच्या दिवशी फाटक बंद ठेवायचा हुकूम काढला.

"सर, असं काऊन केलं जी?" सत्यशीला ऑफिसात जाऊन म्हणाली.

"मॅडम, आकडा तुमीच काढला ना? माय आली का पोरगी रडते. मंग मायले येऊच द्याचं नाई."

ती तरातरा बाहेर आली. व्हरांड्यात येरझारा सुरू झाल्या. मलाही सुखानं वह्या तपासू देईना. उलटंही असेल, म्हणायची, पण उलटं आहे हे दाखवू कसं?

पुढच्या बाजाराला संध्याकाळी ती बंद फाटकाशी उभी होती. रिकामी टोपली घेऊन परतणारी एक बाई दिसली, तशी सवयीनं तिनं हाक मारली, "सुकरीच्या मायले सांगजो, पोरगी जेवून नाई राह्यली." बोलली आणि स्वतःच चपापली. वर्षभर ती हेच करत आली होती. पोरगी रडली की बाजारकऱ्यांबरोबर गावी निरोप, आणि निरोप पोचला की पुढच्या बाजाराला आई हजर.

ती धापा टाकत माझ्याकडे आली. "मास्तर, पोरगी रडते म्हणून माय येते. त्यायले बोलावणारी मीच हावो."

बापूरावांना तिनं विचारलं, "तापाच्या साथीत कंपाउंडरच्या चकरा वाढतात. मंग ताप काय त्यानं आणला, सर?" ते हसले. फाटक मात्र उघडलं नाही. "थोडे दिवस पाहू," म्हणाले.

आणि खरोखरच वसतिगृह शांत होत गेलं. बापूराव खूश झाले. तिला बोलावून म्हणाले, "आता मोजा तुमचं रडणं." ती मोजायला गेली, तर रडणाऱ्या पोरी तिथं नव्हत्याच. कुणाचा आजा आजारी, कुणाकडे लग्न, अशी निमित्तं ऑफिसात सांगून बापांनी एकेकीला घरी नेलं होतं आणि परत एकही आली नव्हती. सुकरीचा बाप जंगू मावशीच्या लग्नाला म्हणून तिला घेऊन गेला होता. लग्न होऊन किती दिवस झाले, कुणी विचारलं नव्हतं. मला असा संताप आला की हातातला खडू मोडला.  खांद्याला पिशवी लावून सत्यशीला सुकरीच्या गावाला निघाली, म्हणून मीही निघालो.

सुकरीची आई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. आम्हाला पाहताच पोरगी तिच्यामागे दडली. आई मोडक्या मराठीत म्हणाली, "तू निरोप धाडला म्हनून आली मी. तं फाटक बंद. मले वाटलं, पोरगी मेली. म्हनून दाखवत नाई हे लोक. मंग जंगूले धाडलं."

सत्यशीलाचे डोळे भरून आले. ते तिनं लपवले नाहीत. "चुकलं आमचं, बाई," ती म्हणाली. "तिले शाळेत घेऊन ये. फाटकाशी मी राहीन."

"आन् बाजाराच्या दिशी?"

"दर बाजाराले ये."

असं वचन द्यायचा तिला काही अधिकार नव्हता. नोकरी गेली तर एम.फिल.ही गेलं, हे वाटेत मी तिला सांगून पाहिलं. ती माझ्यापुढे झपाझप चालत राहिली.

बाजाराच्या दिवशी तिनं फाटक उघडलं. तिच्याविरुद्ध वर लिहीन, असं बापूरावांनी बजावलं. लिहा म्हणाली. मग किती तरी वेळ आम्ही रस्त्याकडे पाहत होतो. दुपार कलल्यावर मायलेकी आल्या. आई पोरीला जवळ घेऊन झाडाखाली बसली, तिचे केस विंचरले आणि ऊन उतरायला लागलं तशी उठली. सुकरीनं तिचं लुगडं धरून जो हंबरडा फोडला, तो ऑफिसापर्यंत गेला. बापूराव बाहेर आले.

"पाहा मॅडम. माय आली आन् पोरगी रडली."

"रडू द्या, सर," सत्यशीला म्हणाली. "रडाले पोरगी शाळेत तं आहे."