मुक्कामी बोट

सन २००६. मला सदुसष्ट पूर्ण झाली होती, आणि अमेरिकेत नोव्हाय गावी मुलाच्या घरी मी गाडीत मागच्या सीटवर बसायला शिकत होतो.

हे शिकणं सोपं नाही. बत्तीस वर्षं एसटीचं स्टीअरिंग माझ्या हातात होतं. घाटात, पुरात, जत्रेत, कुठेही. शाळा चौथीपर्यंत. पण मी आणलेली गाडी कधी चार तास उशिरा आली असेल, आली नाही असं झालं नाही. आणि इथे मुलगा म्हणतो, "बाबा, सीट बेल्ट. बाबा, दाराला हात लावू नका, चाइल्ड लॉक आहे." चाइल्ड लॉक! माझ्यासाठी!

मुलगा मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. सूनबाई नागपूरची, तीही कॉम्प्युटरवाली. नात अकरा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. आणि आमची ही, जिचे गुडघे विमानातून उतरल्यापासून बोलायला लागले होते. माणसं पाच, गाड्या तीन, आणि बस एकही नाही. मोटारी बनवणाऱ्यांचाच मुलूख तो, तिथे बस कोण ठेवणार? एकदा सकाळी मी पायी निघालो तर थोड्या वेळाने फूटपाथच संपला. रस्ता पुढे होता, फूटपाथ नव्हता. माणसाने तिथून पुढे उडत जावं अशी सोय. मी गवतातून चालत राहिलो, तर एका बाईने गाडी थांबवून माझी चौकशी केली. पायी चालणारा माणूस म्हणजे आजारी नाही तर वाट चुकलेला, असा तिथला हिशोब.

अशा घरात एके दिवशी जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, या समरला आपण ग्रीसला जायचं. बेटं बघायची. टूर नाही, रेंटल कार नाही. लोकल बस आणि बोट. तिथले लोक जातात तसं. एकदम रिलॅक्स्ड."

मी घास खाली ठेवला. "बसने? पैसे भरून? सुट्टी टाकून?"

"हो बाबा. तीच तर मजा आहे."

आमच्याकडे लोक बसने जायचे कारण दुसरं काही नव्हतं. बसमध्ये कोंबडी असायची, भाकरीची गाठोडी असायची, कुणीतरी ओकत असायचं. ती मजा आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, नाहीतर महामंडळाने तिकिटं दुप्पट केली असती.

दुसऱ्या दिवशी मुलाने प्लॅन आणला. एक्सेलमध्ये. नऊ दिवस, पाच बेटं. रंगीत चौकोन: निळे बोटीचे, पिवळे बसचे, हिरवे रिलॅक्सचे. तो वाचून दाखवायला लागला. दोन दहा ते तीन चाळीस, रिलॅक्स. तीन चाळीस ते चार, बस स्टॉपकडे चालणे. साडेसात ते पावणेआठ, सूर्यास्तासाठी जागा धरणे.

"आणि लघवी?" मी विचारलं.

"बाबा!"

"अरे, पाच माणसं, नऊ दिवस. त्याला रंग कुठला दिलास?"

नात तोंडावर हात धरून हसत सुटली. ही मात्र हसली नाही. ती त्या कागदाकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "पाच बेटं म्हणजे पाच वेळा बॅगा बांधायच्या, पाच वेळा सोडायच्या. मला एक बेट पुरे. तीन दिवस एका खुर्चीत बसवा, समोर पाणी असू दे, आणि 'आई, चहा' असं कुणी म्हणू नका. बस्स."

पंचेचाळीस वर्षांत हिने माझ्याकडे मागितलेली ही तिसरी वस्तू. पहिल्या दोन मी दिल्या नव्हत्या.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "प्लॅन मी करतो."

मुलगा म्हणाला, "बाबा, हे ऑनलाइन असतं सगळं. इंग्लिशमध्ये."

"कामापुरतं येतं मला."

हे वाक्य मी बत्तीस वर्षं वापरलं आहे. साहेबासमोर, आरटीओसमोर, बायकोसमोर. इंग्रजी आकडे मला येतात, गाडीच्या नंबरातली अक्षरं येतात, बाकी पानावर मुंग्या चाललेल्या दिसतात. पण सकाळी पेपर इंग्रजीच हातात धरायचा. डेपोत एकदा तो उलटा धरला होता, ते कुणी बघितलं नाही.

तीन संध्याकाळी आमची जुंपली. मी म्हणायचो, शेवटच्या गाडीवर विसंबायचं नाही. तो म्हणायचा, बाबा, ऑप्टिमाइझ केलंय. मी म्हणायचो, वीस मिनिटांत बोट सोडून बस पकडायची, तर तुझ्या आईला काय डोक्यावर घेऊन पळणार आहेस? तो म्हणायचा, गूगलवर आठ मिनिटं दाखवतंय. मी म्हणालो, गूगलला गुडघे आहेत का?

चौथ्या दिवशी त्याने वेळापत्रकांचा गठ्ठा छापून माझ्यापुढे टाकला. "घ्या. करा तुम्ही."

मी केला. वहीत, पेन्सिलीने. त्या बेटांची नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना आपली नावं दिली. मोठं बेट, गाढवांचं बेट, धाकटं बेट. पाचाची तीन केली. धाकट्या बेटावर हिचे तीन दिवस. आणि त्या धाकट्याच्या पानावर मला ते दिसलं, जे इंजिनिअरला दिसलं नव्हतं. बोट तिथे रात्री नऊला पोहोचते आणि सकाळी सव्वासहाला तिथून निघते.

मी मांडीवर थाप मारली. मुक्कामी!

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एसटीची संध्याकाळची शेवटची गाडी आडगावात जाते आणि तिथेच मुक्काम करते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर टपावर झोपतात, गाव त्यांना भाकरी-पिठलं घालतं, आणि सकाळी तीच गाडी तालुक्याला परत निघते. त्या गाडीसारखी भरवशाची गाडी जगात नाही. बाकीच्या येतील किंवा येणार नाहीत. मुक्कामी आलेलीच असते. गावातच उभी असते. ती चुकवायची तर माणसाने झोपूनच राहायला हवं.

मी मुलाला हे समजावलं. वाद घालायच्या तयारीने समजावलं. पण तो ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलला.

"म्हणजे तुम्ही जायचात तशी? सकाळी यायचात, आणि डब्यात त्या गावचं काहीतरी असायचं."

"तशीच."

"मी दारात वाट बघायचो." त्याने एक्सेलचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग बायकोला म्हणाला, "अगं, बाबांचा प्लॅन फायनल. बत्तीस वर्षांचा ड्रायव्हर घरात असताना मी एक्सेल काय करत बसलोय?"

अमेरिकेत आल्यापासून त्याने माझं ऐकलेलं हे पहिलं काम. त्या सव्वासहाच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. नातीने बोट ठेवून विचारलंही, "आजोबा, व्हॉट डझ दिस से?" मी म्हणालो, "दरपत्रक असतं ते. लहान मुलांचं अर्धं तिकीट वगैरे." आणि पान उलटलं.

पुढचा आठवडा मी घरात साहेबासारखा वावरलो. हिने फोनवर इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगितलं, "आमच्या ह्यांनी प्लॅन केलाय. पोरांना जमेना." पलीकडून कुणी काही म्हणालं असावं, कारण ही लाजली. या वयात. आम्हा दोघांचे पासपोर्ट भारताचे, त्यामुळे व्हिसा हवा. वकिलातीला लेखी हवं होतं, कुठल्या दिवशी कुठे झोपणार. म्हणजे रिलॅक्स व्हायला निघालेल्या माणसाने आधी प्रत्येक रात्रीचा पुरावा द्यायचा. मुलगा म्हणाला, रविवारी सकाळी बसून सगळी बुकिंग करून टाकतो, सोमवारी कागद पाठवतो.

शनिवारी दुपारी आम्ही जवळच्या एका खाण्याच्या ठिकाणी गेलो. तिथे गल्ल्याजवळच्या स्टुलावर मालकाचा म्हातारा बाप बसलेला असायचा. माझ्याच वयाचा, मिशीवाला, कुणाशी न बोलणारा. ग्रीक आहे, असं सूनबाईने सांगितलं होतं. बाकीचे खायला काय मागवायचं ते ठरवत होते. मी खिशातून धाकट्या बेटाचं पान काढलं आणि त्याच्याकडे गेलो. खरं सांगायचं तर विचारायला नाही, दाखवायला.

त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं, म्हणजे वीस-पंचवीस शब्द. बेटाचं नाव वाचून त्याचा चेहराच उजळला. छातीवर हात मारून "शिप, शिप, मी, वर्क," असं म्हणाला. म्हणजे हाही लाइनवरचा माणूस! मी माझ्या छातीवर हात मारून स्टीअरिंग फिरवून दाखवलं. दोघांनी हात मिळवले.

मग मी नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं, गालाखाली हात घेऊन झोपेची खूण केली, आणि सव्वासहावर बोट ठेवलं. "शिप स्लीप?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "नो स्लीप. शिप नो स्लीप."

त्याने कॉफीचा मग उचलला, केचपच्या बाटलीपाशी क्षणभर टेकवला, आणि सरळ पुढे गल्ल्याच्या पलीकडे नेला. गेली. दूर गेली. मग दुसऱ्या बाजूने मिठाची बाटली आणली, केचपपाशी टेकवली आणि सव्वासहावर बोट आपटलं. ही दुसरी. मग त्याचं बोट खाली त्या बारीक ओळीवर आलं. वाचताना तो दुसऱ्या हाताची बोटं दुमडत गेला. "मंडे. वेन्सडे. फ्रायडे. संडे, नो. संडे, चर्च." आणि खळखळून हसला.

आम्ही धाकट्या बेटावरून निघणार होतो रविवारी. सोमवारी सकाळी अथेन्सहून विमान.

मी पान घडी घालून खिशात ठेवलं. टेबलाशी आलो तेव्हा मुलाने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाला, प्लॅन एक नंबर आहे."

"बघ!" मुलगा बायकोला म्हणाला.

समोर काय आलं आणि मी काय खाल्लं, ते मला आठवत नाही. घरी येताना मागच्या सीटवर मी मनाशी बरेच मार्ग काढले. म्हणावं, गुडघ्यांमुळे हिलाच नको आहे. म्हणावं, मला बोट लागते. म्हणावं, कंपनीने वेळापत्रक बदललं, त्या म्हाताऱ्याकडून कळलं. शेवटचं बरं वाटत होतं. डेपोत आम्ही हेच करायचो. गाडी सुटली नाही की फळ्यावर खडूने लिहायचं, "वेळेत बदल". चूक कुणाची नसते, बदल झालेला असतो.

पण संध्याकाळी ही कपाट उघडून बसली होती. पलंगावर तीन साड्या मांडल्या होत्या.

"तीन दिवसांच्या तीन," ती म्हणाली. "चौथी प्रवासाला. खुर्ची बाहेर ठेवतात का हो तिथे, का आत?"

"बाहेर," मी म्हणालो. मला काय माहीत.

"मला वाटलं नव्हतं तुम्ही कराल म्हणून."

"का?"

"तुमची मुक्कामी असली की तुम्ही घरी नसायचात. तिच्यावर आम्हाला कुठे जाता आलं कधी?"

वेळापत्रक बदललं म्हणालो असतो, तर मुलाने पुन्हा पाच बेटांचा एक्सेल काढला असता आणि हिच्या खुर्चीचे दोन हिरवे चौकोन झाले असते. काही बोललो नसतो, तर रविवारी सकाळी ही धक्क्यावर बॅगेवर बसून राहिली असती, आणि ग्रीसमध्ये भाकरी घालायला आमचं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खाली उतरलो. मुलगा कॉम्प्युटरपुढे होता, क्रेडिट कार्ड काढून ठेवलं होतं. ही ओट्याशी चहा गाळत होती. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो आणि ते पान त्याच्यापुढे ठेवलं.

"हे खालचं वाच. मोठ्याने."

"काय आहे ते?"

"मला माहीत असतं तर तुला कशाला सांगितलं असतं? मला इंग्रजी वाचता येत नाही. कामापुरतंही नाही. कधीच येत नव्हतं."

ओट्यावरचा आवाज थांबला. मुलाने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याने बरं केलं. त्याने पान उचललं आणि वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मग काय घोळ झालाय ते त्याला कळलं, आणि त्याचा हात कीबोर्डकडे गेला.

मी तो हात धरला. "थांब. गाढवांच्या बेटाचे दोन दिवस काप. धाकट्यावर सोमवारी रात्री पोहोचू आणि शुक्रवारच्या बोटीने निघू. उरलेले दिवस अथेन्सला काढ, तिथे तुझे चौकोन भर हवे तितके. पण हिचे तीन दिवस तसेच ठेव. आता सोमवारी तिथे जाणारी बोट आहे का, ते वाच. एकेक ओळ वाच, घाई करू नको. मी बसलोय."

तो वाचत गेला, मी वहीत पेन्सिलीने लिहीत गेलो.