इनासभाऊंची एक वाजताची किल्ली

इनासभाऊ गेले त्याच्या आठ दिवस आधी मी त्यांना भेटायला त्यांच्या गावी, सांडोरला गेलो होतो. मनात एक वाक्य घेऊन गेलो होतो आणि ते तसेच घेऊन परतलो... त्याला आता महिना होऊन गेला.

बंदराजवळच्या एका दुकानात आम्ही पंधरा वर्षे शेजारी बसलो. जहाजांची घड्याळे तपासणीसाठी आमच्याकडे येत. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत, हे कप्तान त्या घड्याळावरून काढतो. चार सेकंदांची चूक म्हणजे जवळजवळ मैलभराची चूक. गोदीच्या मनोऱ्यावरचा मोठा चेंडू रोज दुपारी एकच्या ठोक्याला खाली पडे. इनासभाऊ खिडकीत हात वर करून उभे राहत, "पडला!" म्हणत, आणि मी घड्याळातला सेकंद टिपून घेई. काटे मात्र फिरवायचे नाहीत, हा त्यांचा दंडक. "किती चुकतंय ते लिही. चुकलेलं चालतं, विनायका, लपवलेलं चालत नाही."

त्यानंतर लगेच किल्ली. एका शनिवारी एका घड्याळाला ती द्यायला मी विसरलो. धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. मी घाईने आगाशीला घरी निघालो. सोमवारी सकाळी पाहतो तो ते घड्याळ बंद. मी ते चालू केले, काटे जुळवले आणि त्याच्या तक्त्यात जुनीच चाल, म्हणजे रोज किती सेकंद मागे-पुढे जाते तो आकडा, लिहून टाकली. संध्याकाळी ते जहाजाबरोबर जाणार होते. दुपारी चेंडू पडला, घड्याळातला सेकंद तक्त्यातल्या आकड्याशी जुळेना आणि इनासभाऊंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घड्याळ अडवून धरले.

मालक ओरडले, "किल्ली कुणाकडे होती?"

मी तोंड उघडण्याआधी (खरे लिहायचे तर मी ते उघडलेच नसते) इनासभाऊ म्हणाले, "माझ्याकडे, साहेब. राहिली."

त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "पाहुण्यांना पोहे आवडले का रे?" बहिणीचे लग्न ठरले, खिडकीतली खुर्ची मला मिळाली, आणि ते सांडोरला केळीच्या बागेत पाणी सोडू लागले.

त्या शेवटच्या भेटीत मी सुरुवात केली, "त्या शनिवारी..." ते उशीवरूनच हसले. "माझी खुर्ची अजून करकरते का रे?" रोजीवहिनी म्हणाल्या, "भावजी, चहा निवतोय." मी चहा प्यालो.

परवा वहिनींनी त्यांचे खिशातले घड्याळ माझ्याकडे पाठवले. डबीत चिठ्ठ्या होत्या: शेजारच्या रेडिओवर वेळ ऐकून रोज टिपलेली चूक. शेवटच्या चिठ्ठीवर थरथरत्या अक्षरात, 'बेचाळीस सेकंद मागे.' मी काटे फिरवलेले नाहीत. एक वाजता किल्ली देतो आणि चूक लिहितो. पहिल्या दिवशी मात्र सेकंदांच्या आधी एक ओळ लिहिली: 'त्या शनिवारची किल्ली माझ्याकडे होती.'