हेल्मेटखालची सुती टोपी

बोलण्यापूर्वी काका समोरच्याच्या हेल्मेटवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकत आणि विचारत, "आत कोण हाय का?" आतून 'हाय' असे उत्तर आले की मगच कामाचे बोलणे सुरू होई. बायकांच्या बाबतीत बोट शेजारच्या टेबलावर पडे, प्रश्न तोच.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी रोह्याच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात रुजू झाले, तेव्हा ते तिथले सर्वांत जुने पर्यवेक्षक होते. राहायला पेणच्या वाटेवरच्या कासू गावी. सगळे त्यांना काका म्हणत. तुम्ही कधी कारखान्यात काम केले असेल, तर असा एक माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याचे पद मध्यम असते, पण व्हॉल्व्हच्या नुसत्या आवाजावरून त्याला बिघाड कळतो आणि व्यवस्थापकही आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मग मत देतात.

मला ते चारचौघांत 'मॅडम' म्हणत आणि दोघेच असलो की 'पोरी'. नियमपुस्तिका मी आठवडाभरात पाठ केली, याचे त्यांना कौतुक वाटले आणि थोडी कीवही आली. "पोरी, नियम डोक्याला बसला पायजे. न्हायतर लोक तो काढून खुंटीला लावतात," असे ते म्हणाले होते.

रोह्याच्या मोहल्ल्यातली एक मुलगी आमच्याकडे रसायनांचे नमुने घेण्याच्या कामावर होती. कामात चोख, मोजके बोलणारी. तिचे प्रशिक्षणाचे वर्ष संपत आले होते. महिनाअखेरीस ती कायम होणार होती. भावाने कुवेतहून पाठवलेला गुळगुळीत कापडाचा स्कार्फ ती टाचण्यांनी घट्ट बांधत असे आणि त्यावर हेल्मेट घाली. एकदा नमुना घ्यायला ती वाकली आणि हेल्मेट पट्ट्यासकट त्या कापडावरून घसरून लोखंडी जिन्यावरून गडगडत खाली गेले. कोणाला लागले नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांचा आदेश फलकावर लागला: हेल्मेटखाली कोणतेही कापड चालणार नाही, ज्यांना हे जमणार नाही, त्यांना प्लान्टमध्ये काम मिळणार नाही.

ती काकांकडे आली. हेल्मेटला तिची हरकत नव्हती. "पण केस उघडे टाकून मला येता येणार नाही, काका," एवढेच ती म्हणाली. ती गेल्यावर काकांनी माझ्याकडे पाहिले. "हेल्मेट कशावर पक्कं बसतं, त्याचं तू मोजमाप कर, पोरी. मी सही करतो."

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. वडिलांकडून मी तिच्या डोक्याच्या मापाचे प्लास्टरचे डोके ओतून घेतले. वडिलांनी त्याला नाक-डोळे काढायचे का, असे सवयीने विचारले. मी नको म्हटले. त्या डोक्यावर हेल्मेट तीन प्रकारे घालून पाहिले: उघड्यावर, गुळगुळीत स्कार्फवर आणि मी शिवून आणलेल्या एकपदरी सुती टोपीवर. स्कार्फवरचे थोड्या कलण्यानेच निसटले. सुती टोपीवरचे उघड्या डोक्याइतकेच पक्के बसले. टोपीला टाचणी नव्हती, गाठ नव्हती. केस आणि कान पूर्ण झाकले जात. शिवाय सुती कापडात घर्षणाच्या विजेने ठिणगी पडण्याचे भय कमी, हा आमच्यासारख्या कारखान्यात लहान मुद्दा नव्हे.

मग पंधरा दिवस प्रत्यक्ष चाचणी. रोज सकाळी काका तिला वाकायला, वळायला, मान झटकायला सांगत आणि हनुवटीचा पट्टा तपासत. एकदा ती गेल्यावर मला म्हणाले, "माझ्या सुनेलाबी शिव गो एक, स्कुटर चालवते." निरीक्षणे त्यांच्या वहीत लिहिली जात. खाली दोन सह्या, माझी आणि त्यांची. सह्या होताना ती मुलगी तिथेच उभी असे. वहीची प्रत काढून ठेवावी असे मला सुचले होते. पण काकांच्या वहीची प्रत काढणे म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणे, असे वाटले आणि मी ते केले नाही.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मागच्या बाकांवरून कोणी विचारले, "काय काका, टोप्या शिवायला घेतल्या का आता?" दुसरा म्हणाला, "रिटायर झाल्यावर मोहल्ल्यातच दुकान टाकतील." बस हसली. काकाही हसले. मग कासू येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मी हे पाहिले, पण त्याची नोंद घेतली नाही.

बैठकीत मी निष्कर्ष मांडले. व्यवस्थापकांनी काकांना विचारले, चाचणी तुमच्यासमोर झाली का?

काका टेबलाकडे पाहत म्हणाले, "नाय, साहेब. मॅडमनी हौसेनं काय केलं आसंल, तर मला म्हायीत नाय."

त्यांचे हेल्मेट मांडीवर होते आणि डोक्यावर घामाने भिजलेला चौकोनी रुमाल. आमच्याकडच्या उकाड्यात प्लान्टमधला प्रत्येक पुरुष हेल्मेटखाली असा रुमाल घालतो. आदेशातले 'कोणतेही कापड' त्यालाही लागू होते. पण त्याला कापड म्हणून आजवर कोणी पाहिलेच नव्हते, मीही नाही. त्या क्षणी पाहिले. एका वाक्यात सगळा युक्तिवाद पालटला असता. पण सगळ्यांसमोर काकांची शोभा झाली असती, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याने माझे काहीच जाणार नव्हते.

व्यवस्थापक नियमाचे माणूस होते. काकांच्या सहीची वही सोमवारी दाखवा, मी पुन्हा विचार करीन, असे ते म्हणाले. मी धावत काकांच्या टेबलाशी गेले. वही ठेवायचा खण रिकामा होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साठलेली रजा टाकली, थेट काही आठवड्यांवर आलेल्या निवृत्तीपर्यंत.

रविवारी मी रेल्वेने कासूला गेले. काकी अंगणात वाल वाळत घालत होत्या. त्यांनी पाणी दिले. काका शेतावर गेल्याचे सांगितले. मग मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "वही-बिही काय नाय गो घरात. असती तर दिली नसती का?"

वही हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. त्यांच्याही ते लक्षात आले असावे. त्या वालांमधून उगाच हात फिरवत राहिल्या. मग चहा टाकला, आणि निघताना एक पिशवी पुढे केली. "कडवे वाल हायेत. तुझ्यासाठी काढून ठेवलेत त्यांनी. सकाळीच बोलले, पोरगी येईल."

मी पिशवी घेतली. नाकारायला हवी होती, हे स्टेशनवर पोचल्यावर सुचले. फलाटावरून रुळांपलीकडच्या बांधावर एक माणूस दिसला, पाठमोरा, बोडका. गाडी आली, तिने शिट्टी दिली, शेतातले दोघे-तिघे मान वर करून बघू लागले. तो वळला नाही.

त्यानंतर काका मला दिसले नाहीत. निरोपसमारंभालाही ते आले नाहीत. घड्याळ आणि शाल बसच्या चालकाबरोबर कासूला पाठवली गेली.

मी कासूहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी दुपारी, त्या मुलीला काम संपल्याचे पत्र मिळाले. बैठकीत काय झाले ते तिला कोणी सांगितले नव्हते, आणि माझ्याही तोंडून ते निघेना. वही सापडत नाही, एवढेच मी सांगितले. तिने हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवले.

"काकांना विचारा ना, मॅडम. त्यांनी रोज सही केलीय, मी पाहिलीय."

मीही पाहिली होती.