दार मोकळं हवं

माझा फेंगशुईवर काडीचा विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूने बोलण्यासारखं तेवढंच आहे.

लालबागच्या चाळीत आमची एक खोली. त्यात मी, बायको आणि आई. परवाच्या डिसेंबरअखेरीस बायकोने प्रभादेवीच्या एका टॉवरमधून फेंगशुईवाल्या बाई पकडून आणल्या. नवीन वर्ष लागायच्या आत त्या लोकांच्या घरातली ऊर्जा मोकळी करून द्यायच्या. आमच्याकडची बद्धकोष्ठ झाल्यासारखी तुंबली होती म्हणे.

बाईंनी होकायंत्र काढलं आणि खोलीच्या मधोमध एक गिरकी घेतली. दुसरी घ्यायला जागाच नव्हती. मग आग्नेय कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा तुमचा वेल्थ कॉर्नर."

तिथे आमची मोरी आहे. बाई जराही डगमगल्या नाहीत. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक त्यांनी मोरीच्या कठड्यावर बसवायला सांगितला, आणि अक्कल गहाण टाकून आम्ही तो बसवला. तेव्हापासून मी रोज सकाळी एका चिनी बेडकासमोर उघडाबंब आंघोळ करत होतो. दाराला किणकिणणाऱ्या पितळी नळ्या लागल्या. फ्रिजवर एक ढेरपोट्या बुवा आला आणि आमच्याकडे बघून खदाखदा हसू लागला. त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

पण त्या दिवशी निघण्याआधी बाईंची नजर दाराकडे गेली. दारात आईचं स्टूल होतं आणि स्टुलावर आई होती.

आई तिथेच बसायची. भाजी तिथेच निवडायची, चहा तिथेच प्यायची. गॅलरीतून जाणारं माणूस तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. मजल्यावरच्या सात घरांच्या किल्ल्या तिच्याजवळ असत. गुडघे गेल्यापासून ती जिना उतरत नाही. दारासमोरून जाईल तेवढीच तिची मुंबई.

"एन्ट्रन्स पूर्ण ब्लॉक आहे," बाई म्हणाल्या. "दार मोकळं हवं. नाहीतर घरातल्या कर्त्या माणसाची प्रगती दारातच अडते."

"अहो, तुमचं प्रमोशन!" बायको म्हणाली.

इथे मी हसायला हवं होतं. बेडकाला हसलो होतो, नळ्यांना हसलो होतो, बाईंच्या गिरकीची तर मी पुढे ऑफिसात नक्कलही केली. पण लोअर परळच्या त्या काचेच्या ऑफिसात मी अकरा वर्षं एकाच खुर्चीत होतो, आणि मार्चअखेर बढतीची यादी लागणार होती. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. एवढंच नाही, एकतीस तारखेला दुपारी मीच स्टूल उचललं.

"आई, आत बस जरा. दारात वारा लागतो," मी म्हणालो. जन्मभर न लागलेला वारा.

ती चौकटीला धरून उठली. पोटमाळ्याखाली, फ्रिजच्या आडोशाला तिची नवी जागा झाली. तिथून तिला समोर कपाट दिसायचं. किल्ली द्यायची तर चपला काढून आत कोण येणार? एकेक करून सातही किल्ल्या पलीकडच्या घरी गेल्या. आई मटार सोलायची आणि गॅलरीत पावलं वाजली की मान वर करायची. मला ते दिसत होतं. यादी लागेपर्यंतच तर आहे, असं मी स्वतःला सांगायचो. बाईंची तरी श्रद्धा होती. माझी तीही नव्हती, नुसता हावरटपणा होता.

यादी लागली. माझ्यानंतर चार वर्षांनी आलेल्या माणसाला मला ओलांडून वरची खुर्ची मिळाली.

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं तसा आसुरी आनंदही झाला. घरी येऊन आधी बेडूक उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, नळ्या ओढून काढल्या. "डोंबलाची ऊर्जा!" असं बायकोला ऐकवलं. मग स्टूल पुसून दारात ठेवलं आणि ऐटीत आईला हाक मारली, "आई, ये, बस तुझ्या जागेवर. सगळा बोगस कारभार होता. नाही झालं माझं प्रमोशन."

ती उठलीच नाही.

"आदी ता स्टूल थंयसून उचल," ती म्हणाली. "इतकी वर्सां मी बसलंय मां दारात. तुझा अडलेला एवढ्यात कसा सुटतला?"